दोन हातांचे काम, एक वही

दुकानाचे दरपत्रक एकच, पण त्याला हात लावणारे दोघे, असे झाले की घोटाळा ठरलेला. थोरला भाऊ पेढीवर कापडाचा दर सुधारतो, धाकटा दुसऱ्या नकलेत शिलाईचा. शेवटी ज्याची नक्कल आली तिचाच दर चालतो, दुसऱ्याची मेहनत गुपचूप पुसली जाते.

कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांपुढेही हीच अडचण असते. देशोदेशीचे लोक मिळून लिनक्स लिहितात. त्या कामासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ‘गिट’ तयार केले. आज आपली अनेक मुले या व्यवसायात आहेत, बिलाचे प्रोग्रामही आपण बनवून घेतो. म्हणून ही पद्धत बांधवांनी समजून घ्यावी असे आम्हांस वाटते.

गिटमध्ये प्रत्येक जण वेगळी शाखा काढून काम करतो. काम पुरे झाले की शाखा एकत्र करतात, त्याला मर्ज म्हणतात. त्या वेळी गिट तीन प्रती पाहते: दोघांच्या दोन आणि जिच्यापासून दोघे वेगळे झाले ती मूळ प्रत. ओळ एकानेच बदलली असेल तर बदल आपोआप घेतला जातो. पण त्याच ओळीत एकाने मीटरचा दर १२० केला आणि दुसऱ्याने १२५, तर गिट थांबते, खुणा करून दोन्ही दर समोर ठेवते. हाच कॉन्फ्लिक्ट.

नवशिके येथे घाबरतात आणि आपले ठेवून दुसऱ्याचे पुसतात. तसे करू नये. दुसऱ्याला कारण विचारावे, कदाचित त्याने गाडीभाडे धरले असेल. मग निर्णय करून खुणा काढाव्यात आणि नोंद करावी.

खरा धोका वेगळाच आहे. एकाने दर जीएसटीसह लिहिले, दुसऱ्याने भलत्याच ओळीत बिलावर जीएसटी लावला. गिटला तंटा दिसत नाही, ग्राहकाला मात्र कर दोनदा पडतो. म्हणून मर्ज झाल्यावर दोन-चार बिले काढून हाताने ताळा करावा.

आणखी एक. शाखा महिनोन्महिने वेगळ्या ठेवू नयेत. रोजमेळ रोज जुळवला तर फरक लगेच सापडतो, वर्षअखेरीस बसलो तर कोणाची रक्कम कोठे गेली हे भागीदारांनाही आठवत नाही.