जुन्या मापनयंत्राची दुरुस्ती
यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा उष्णतेत बंद पडून राहिलेल्या जुन्या विद्युत्‌मापन यंत्रातील कंडेन्सर पुष्कळदा प्रथम बिघडतो.

विजेची लहर पडद्यावर रेखणारा ऑसिलोस्कोपच घ्या. त्याच्या कंडेन्सरात ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. तोच विजेला अडवितो. यंत्र वर्षानुवर्षे न वापरल्यास हा थर क्षीण होतो. मग विजेचा पूर्ण दाब एकदम दिला, तर कंडेन्सर फुटतो आणि आता सहसा न मिळणारा ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. म्हणून जाणता कारागीर प्रथम थोडाच दाब देतो व तो हळूहळू वाढवितो. थर पुन्हा धरू लागतो. आतील द्रव आटला असेल, तर मात्र कंडेन्सर बदलावाच लागतो.

वीज तोडल्यावरही कंडेन्सरात ती साठून राहते. तिचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. कारागीर ती आधी उतरवितो, मगच आत हात घालतो.