घाटातली शर्यत, घड्याळासकट

मुंबई–पुणे सायकल शर्यत पाहायला कधी खंडाळ्याच्या घाटात उभे राहिला असाल, तर ‘घाटाचा राजा’ हा किताब आपल्याला नवा नाही. शर्यत संपते पुण्यात, पण घाट आधी चढणाऱ्याचा मान वेगळा. फ्रान्समधली ‘टूर द फ्रान्स’ ही गंमत तीन आठवडे चालवते. 1903 साली सुरू झालेल्या या शर्यतीत आता 21 टप्पे असतात, मध्ये दोन दिवस विश्रांती, आणि एकूण अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. घाटात उभं राहून ती पाहायला तिकीट लागत नाही. मात्र तयारीशिवाय गेलेला माणूस दिवसभर उन्हात थांबतो आणि “पुढे नक्की कोण होतं?” असं विचारत परततो. युरोपात राहत असाल किंवा जुलैत तिकडे जाणार असाल, तर आधी एवढं पाहून ठेवा.

टप्पा निवडणं

पुढच्या वर्षीचा मार्ग सहसा ऑक्टोबरमध्ये पॅरिसला जाहीर होतो. त्यातला डोंगरी टप्पा निवडा. सपाट रस्त्यावर सगळे सायकलपटू एका जथ्यात, म्हणजे ‘पेलोटॉन’मध्ये, ताशी 45 किलोमीटरच्या पुढे धावतात. अर्ध्या मिनिटात सगळं संपतं. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की वारा कमी लागतो, म्हणून जथा फुटत नाही. चढावर वेग वीसेक किलोमीटरवर येतो, आडोशाचा फायदा घटतो आणि ज्याचं त्याचं वजन ज्याने त्याने वर ओढायचं असतं. तिथे जथ्याची माळ तुटते आणि एकेक चेहरा ओळखू येतो.

चढाची पत

प्रत्येक मोठ्या चढाला वर्ग दिलेला असतो. चौथा सर्वांत सोपा, पहिला अवघड, आणि त्याहून कठीण तो ‘ऑर कातेगोरी’, म्हणजे वर्गवारीत न मावणारा. आल्प्समधला आल्प द्युएझ असाच. 13.8 किलोमीटर लांब, 21 तीव्र वळणं, सरासरी चढ सुमारे 8 टक्के. म्हणजे 100 मीटर पुढे गेलात की 8 मीटर वर. 1952 साली शर्यत इथे पहिल्यांदा आली तेव्हा इटलीचा फाउस्तो कोप्पी जिंकला. वळणांचे आकडे पायथ्याच्या 21 पासून उलटे मोजत जातात, त्यामुळे किती उरलं ते चालणाऱ्यालाही कळतं.

जागा धरणं

नवखे प्रेक्षक हमखास अंतिम रेषेकडे धावतात. तिथे कठडे असतात आणि पुढे डोक्यांच्या रांगा. त्यापेक्षा शेवटच्या चढावर, शिखराच्या तीन-चार किलोमीटर अलीकडे, एखाद्या वळणाच्या आतल्या उंच बाजूला बसा. खालची दोन-तीन वळणं दिसतील अशी जागा सोन्यासारखी. उतारावर मात्र थांबू नका; तिथे सायकलपटू डोळ्यांपुढून सुसाट जातात आणि आपला जीवही धोक्यात येतो.

वेळेचं गणित

आयोजक प्रत्येक गावासाठी आणि शिखरासाठी वेळापत्रक देतात. त्यात तीन वेळा असतात, कारण सरासरी वेग तीन प्रकारे धरलेला असतो. आपण सर्वांत लवकरची वेळ धरा. घाटरस्ता गाड्यांसाठी शर्यतीच्या कितीतरी तास आधी बंद होतो, नामांकित घाटात कधी आदल्या दिवसापासूनच. म्हणून गाडी खाली लावून पहाटेच चालायला लागा. “दहाला निघू, दुपारी दोनला पोचू” हा हिशोब घाटात नेहमी चुकतो.

पाठीवरचं सामान

पाणी, खाणं, टोपी आणि भर उन्हाळ्यातही एक गरम कपडा आणि पावसाचा कोट. दोन हजार मीटरवर हवा अर्ध्या तासात फिरते. 2019 साली इझरान खिंडीच्या पुढे गारपीट झाली, दरड कोसळली आणि टप्पा मध्येच थांबवला गेला. 2,770 मीटरवरच्या शिखरावर नोंदलेल्या वेळा धरल्या गेल्या आणि एकूण आघाडीची पिवळी जर्सी कोलंबियाच्या एगान बेर्नालकडे गेली. तीन्य इथल्या अंतिम रेषेपाशी ताटकळलेल्यांपर्यंत शर्यत पोचलीच नाही.

आधी येते ती वरात

सायकलींच्या दोनेक तास आधी जाहिरातींच्या सजवलेल्या गाड्यांची वरात येते. 1930 पासूनची ही प्रथा. गाड्यांवरून टोप्या, खाऊ, किल्ल्यांच्या साखळ्या उधळल्या जातात. इथे मुलांचा हात घट्ट धरा. रस्त्यावर पडलेली टोपी उचलायला मूल धावतं आणि मागून दुसरी गाडी येत असते.

जर्सीचे रंग

वाट पाहताना एवढं पाठ करा. पिवळी जर्सी म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या टप्प्यांची बेरीज करून ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो. पांढऱ्यावर लाल ठिपके म्हणजे घाटांच्या गुणांत पहिला, त्यांचा घाटाचा राजा. सर्वांत कठीण चढावर पहिल्याला 20 गुण, चौथ्या वर्गाच्या चढावर फक्त 1. हिरवी जर्सी मुख्यतः वेगाने रेषा गाठणाऱ्यांची, पांढरी तरुणांत अव्वल असलेल्याची.

इथे दोन गफलती होतात. पहिली, सर्वांत पुढे दिसणाराच शर्यतीत आघाडीवर आहे असं वाटणं. तो एकूण हिशोबात वीस मिनिटं मागे असू शकतो, म्हणूनच पिवळ्या जर्सीवाल्याने त्याला जाऊ दिलेलं असतं. दुसरी, ठिपकेवालाच घाटांत पहिला आहे असं धरणं. एकाच खेळाडूकडे दोन्ही मान असले तर तो पिवळी घालतो आणि ठिपक्यांची जर्सी दुसऱ्या क्रमांकाच्या अंगावर दिसते.

घड्याळ सुरू करणं

आधी हेलिकॉप्टर ऐकू येतं, मग पोलिसांच्या मोटरसायकली आणि संचालकांची लाल गाडी. एका मोटरसायकलवर पाटी घेतलेला माणूस दिसला तर तिकडे नजर टाका. पुढच्या-मागच्या गटांतलं अंतर तो सायकलपटूंना दाखवत असतो. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क कोलमडतं, म्हणून स्वतःचं घड्याळ हवं. रस्त्यावरची एक खूण निवडा. पहिला सायकलपटू तिथून गेला की घड्याळ सुरू करा, पिवळी जर्सी गेली की आकडा लिहून ठेवा, आणि तिच्या जवळच्या प्रतिस्पर्ध्याचाही. सेकंदांनी काय फरक पडतो असं वाटेल, तर 1989 आठवा. तीन आठवड्यांनंतर ग्रेग लेमाँडने लोरां फिन्याँला हरवलं ते फक्त 8 सेकंदांनी.

हात आवरणं

मोबाइलच्या पडद्यावर माणूस आहे त्याहून लांब दिसतो. घोटाळा इथेच होतो. 1999 साली आल्प द्युएझवर फोटोसाठी रस्त्यात उतरलेल्या प्रेक्षकाने आघाडीवरच्या ज्युसेप्पे ग्वेरिनीला पाडलं; तो उठला आणि तरीही जिंकला. 2018 साली त्याच घाटात विन्चेन्झो निबाली गर्दीत कोसळला, मणक्याला इजा झाली आणि शर्यत सोडावी लागली. 2016 साली मों व्हाँतू या डोंगराच्या चढावर गर्दीने एक मोटरसायकल अडली, तिच्यावर सायकलपटू आदळले आणि पिवळ्या जर्सीतला ख्रिस फ्रूम मोडकी सायकल टाकून पायी धावत सुटला. पंचांनी नंतर वेळ दुरुस्त केली म्हणून त्याची जर्सी राहिली. तेव्हा मोबाइल खिशात, झेंडा खांद्यामागे. शेजारून धावणं नाही, धक्का देणं तर नाहीच.

शेवटचा येईपर्यंत थांबणं

पहिले पन्नास गेले की निम्मे लोक उतरू लागतात. आपण थांबा. अर्ध्या तासाने ‘ग्रुपेटो’ येतो, म्हणजे चढ न जमणाऱ्यांनी एकमेकांना धरून चालवलेला गट. विजेत्याच्या वेळेपेक्षा ठरावीक टक्क्यांहून जास्त उशीर झाला तर घरी जावं लागतं. म्हणून तेही मिनिटं मोजतच चढत असतात. टाळ्यांची खरी गरज त्यांना. त्यांच्या मागून शर्यत सोडलेल्यांना घेणारी गाडी जाते. रस्ता मोकळा झाल्याची पोलिसांची खूण मिळेपर्यंत खाली निघू नका.

घरी असाल तर

भारतातलं घड्याळ जुलैत फ्रान्सच्या साडेतीन तास पुढे असतं, त्यामुळे टप्पे बहुधा रात्री नऊच्या सुमारास संपतात. शेवटचा दीड तास पाहिला तरी चालेल. पडद्यावर पहिल्या माणसापेक्षा कोपऱ्यातल्या वेळेकडे लक्ष ठेवा.

संध्याकाळी निकाल मिळाला की आपला कागद काढा. समजा आपल्या वळणावर पिवळ्या जर्सीने प्रतिस्पर्ध्याला 40 सेकंद मागे टाकलं होतं आणि निकालात तेच 1 मिनिट 10 झालं. म्हणजे उरलेले 30 सेकंद आपल्या डोक्यावरच्या तीन वळणांत गेले. पुढच्या वर्षी कुठे बसायचं, ते आता कुणाला विचारावं लागणार नाही.