खेळाच्या मैदानातील हेर



नववीत शाळा सोडलेला आणि तीस वर्षे कामगार चळवळीत वावरलेला माणूस संगणकावरील खेळांविषयी काय बोलणार, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. परंतु आजच्या विषयाचे वरचे साल खेळाचे असले, तरी आतला गाभा पाळतीचा आहे. आणि पाळत म्हणजे काय हे समजण्यासाठी कामगार कार्यकर्त्याला पुस्तक उघडावे लागत नाही.

प्रथम खेळ समजून घेऊ. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ साली अमेरिकेत सुरू झाला. त्यात खेळणारा योद्ध्याचे किंवा मांत्रिकाचे रूप घेतो. इंटरनेटवरून देशोदेशीचे लोक एकाच वेळी त्यात उतरतात, टोळ्या बांधतात आणि खेळता खेळता आपसांत गप्पाही मारतात. त्याच्या एक वर्ष आधी निघालेले 'सेकंड लाइफ' हा तर धड खेळही नव्हे. ती एक मनोमय नगरी आहे. तेथे जमीन घेता येते, दुकान थाटता येते आणि तेथील चलनाचे खरे डॉलरही करून घेता येतात.

आता मुद्द्याकडे वळू. ९ डिसेंबर २०१३ रोजी अमेरिकेतील 'न्यूयॉर्क टाइम्स' व 'प्रोपब्लिका' आणि इंग्लंडमधील 'गार्डियन' यांनी काही गुप्त सरकारी कागद प्रसिद्ध केले. ते एडवर्ड स्नोडेन याने बाहेर आणलेले होते. त्यांवरून असे उघड झाले की, अमेरिकेची 'एनएसए' आणि ब्रिटनची 'जीसीएचक्यू' ही दोन हेरखाती या खेळांत शिरली होती. त्यांचा युक्तिवाद साधा होता. येथे माणूस टोपणनावाने वावरतो, निरोप देतो-घेतो, पैसेही फिरवतो. तेव्हा दहशतवादी येथे दडून बसण्याचा संभव आहे. ही शंका अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही. जेथे माणसे जमतात तेथे भला येतो तसा बुराही येतो.

पण शंका घेणे निराळे आणि जाळे टाकणे निराळे. २००८ साली ब्रिटिश खात्याने 'सेकंड लाइफ'मध्ये एक चाचणी घेतली. तीन दिवसांत लोकांच्या गप्पा, निरोप आणि पैशांचे व्यवहार मिळून १ लाख ७६ हजार ओळींची माहिती गोळा झाली. शिवाय खोटी रूपे घेऊन तेथे हिंडणाऱ्या हेरांची संख्या इतकी वाढली की, त्यांनी एकमेकांच्याच मागे लागू नये म्हणून वेगळी व्यवस्था लावण्याची गरज भासली! चोर राहिला बाजूला आणि पहारेकऱ्यांचीच गर्दी झाली.

यातून हाती काय लागले? चोरलेल्या क्रेडिट कार्डांची माहिती विकणारी एक टोळी पकडण्यास लंडनच्या पोलिसांना मदत झाली. मात्र तेथेही उपयोगी पडला तो त्या विशिष्ट टोळीची बातमी देणारा एक खबऱ्या. दहशतवादाचा एखादा कट या पाळतीमुळे उधळला गेला, अशी नोंद त्या प्रसिद्ध कागदांत आढळली नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' चालविणाऱ्या कंपनीने तर, आपल्याला याचा पत्ता नव्हता आणि आपण परवानगीही दिलेली नव्हती, असे सांगितले.

या कागदांतील एका गोष्टीने मात्र माझी झोप उडविली. खेळणाऱ्यांत दूरसंचार अभियंते, शास्त्रज्ञ आणि वकिलातींतील मोटारचालक आहेत, असे हेरखात्याने हेरून ठेवले होते. कशासाठी? त्यांच्यातून पुढेमागे आपले खबरे करता येतील म्हणून! म्हणजे दिवसभर साहेबाची गाडी हाकून रात्री घटकाभर खेळायला बसलेला ड्रायव्हर संशयित नव्हता. तो नुसता उपयोगी पडण्याजोगा होता.

असा एक ड्रायव्हर मी पाहिला आहे. आमच्या युनियनच्या कचेरीत तो रोज संध्याकाळी कॅरम खेळायला येई. एके दिवशी त्याला कोणीतरी गाठले आणि येथे कोण येते, काय बोलते, तेवढे सांगत जा, असे सुचविले. त्याने नकार दिला आणि मला येऊन सांगितले. पण ही बातमी फुटल्यावर कॅरमभोवतीची बोलणी बंद पडली. जो तो शेजाऱ्याकडे तिरप्या नजरेने पाहू लागला. महिनाभरात त्या ड्रायव्हरनेच येणे सोडले. कोणाला अटक झाली नाही, कोणाची नोकरी गेली नाही. तरी आमचे काहीतरी गेलेच. पाळतीचे पहिले नुकसान हे असे असते. ते कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

मग सरकारने डोळे मिटून बसावे काय? मुळीच नाही. अमुक माणसावर अमुक कारणाने संशय असेल, तर कायद्याने अधिकार घेऊन त्याच्यावर अवश्य नजर ठेवावी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यावर मर्यादा घालायची तर तिला कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय प्रमाणाबाहेरचा नसावा, असे त्या निकालाचे सूत्र आहे. खेळणाऱ्या सगळ्यांच्याच गप्पा टिपून ठेवणे या कसोटीला उतरेल काय, याचा विचार आपणच करावा.

आज आपली मुले मोबाइलवर खेळतात, दूरदेशीच्या सवंगड्यांशी बोलतात. त्यांना सावध राहायला जरूर शिकवू. परंतु निर्धास्तपणे चार शब्द बोलता येतील अशी एखादी जागाही त्यांच्यासाठी राखू. तशी जागा उरली नाही, तर पुढे सभेत उभे राहून बोलणारी माणसे येणार कोठून?