यमदीप आणि जागरण

आश्विन वद्य त्रयोदशीच्या सायंकाळी कणकेचा दिवा दाराबाहेर दक्षिणाभिमुख ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. हेच यमदीपदान. घरातील कोणासही अपमृत्यू येऊ नये, एवढीच त्यामागील प्रार्थना. हिमराजाच्या पुत्राची कथा वाचकांस ठाऊक असेलच. विवाहानंतर चौथ्या रात्री त्यास सर्पदंश व्हावयाचा होता. नववधूने दाराशी अलंकारांची रास रचली, सभोवार दिवे लावले आणि गोष्टी सांगून, गाणी गाऊन पतीस रात्रभर जागे ठेवले. सर्परूपाने आलेला यम त्या तेजाने दिपून परतला. ही कथा लावताना आम्ही एका गोष्टीवर भर देतो. त्या मुलीने दिवे लावले, पण दिवे लावून ती निजली नाही.

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील खांडबारा येथे कीर्तनसेवेस गेलो असता या कथेचा अर्थ आम्हांस नव्याने उमगला. दिवस धनत्रयोदशीचाच होता. यजमानांच्या ओसरीवर विजेच्या दिव्यांची माळ कपडे वाळविण्याच्या लोखंडी तारेवरून नेली होती. एका जोडावरील पट्टी सुटून तांबे उघडे पडले होते. घरच्या सूनबाई ओला पंचा काढावयास गेल्या आणि झटका बसून मागे कोसळल्या. पायाखाली कोरडा पाट होता, म्हणून निभावले. उंबऱ्याबाहेर यमदीप तेवत होता आणि यम मात्र माळेतून घरात शिरला होता! त्या रात्री उत्तररंगात आम्ही तारांचेच निरूपण केले.

त्याचे सार असे. विजेची तार लोखंडी तारेस, पत्र्यास वा खिळ्यास कधीही बांधू नये. उघडा जोड दिसताच प्रथम मुख्य स्विच बंद करावा, मग जाणत्या तारतंत्र्यास बोलवावे. कोणी विजेस चिकटल्यास त्यास हात लावण्यापूर्वी प्रवाह तोडावा. घरास योग्य अर्थिंग असावे. मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वीज अंगातून जमिनीकडे गळू लागताच तो निमिषार्धात प्रवाह तोडतो. तेलाचे दिवे पडद्यांपासून व कुडाच्या भिंतींपासून दूर, पसरट ताटलीत ठेवावेत.

दिवा निवडतानाही हीच दृष्टी हवी. ६० वॅटचा जुना बल्ब वीज खाऊन प्रकाशापेक्षा उष्णताच अधिक देतो. जवळजवळ तेवढाच उजेड ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. रोज ५ तास लावल्यास ३० दिवसांत बल्बास ९ युनिट लागतात, एलईडीस १.३५. घेताना बीआयएस नोंदणीचे चिन्ह पाहावे. केवळ वॅट न पाहता वेष्टनावरील ल्यूमेनचा आकडा वाचावा, कारण उजेडाचे माप तेच होय. देवघरास व माजघरास २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर प्रकाश समईशी जुळतो.

कोणी म्हणेल, चार युनिटांनी काय होणार? याच नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातील बिलगावी, २००३ साली ग्रामस्थांच्या श्रमदानातून वाहत्या पाण्यावर १५ किलोवॅटचा वीजप्रकल्प उभा राहिला होता. २००६ साली तो पाण्यात गेला. तथापि त्याचा हिशेब विसरू नये. तेवढ्या विजेवर ६० वॅटचे २५० बल्ब लागतात, आणि ९ वॅटचे दिवे १६०० हून अधिक. एका घराने वाचविलेला प्रकाश दुसऱ्या घराच्या उंबऱ्यावर लागू शकतो. दीपदानास याहून निराळा अर्थ तो कोणता?

म्हणून वाचकहो, यंदा कणकेचा दिवा लावण्यापूर्वी घरातील प्रत्येक तारेवरून एकदा दृष्टी फिरवावी. प्रार्थना यमाने ऐकावयाची आहे. जागरण मात्र आपणच करावयाचे आहे. आपणां सर्वांची दीपावली निर्विघ्न व तेजोमय होवो, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.