चाकावरचा चरितार्थ

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात श्रीसिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा नंदीध्वजांच्या मिरवणुकीतून व संमती कट्ट्याजवळच्या अक्षता सोहळ्यातून ज्या विवाहाचे स्मरण केले जाते, तो विवाह सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी एका कुंभारकन्येचा झाला, अशी आख्यायिका आहे. बाराव्या शतकातील शिवयोग्याच्या उत्सवात कुंभाराच्या लेकीला एवढे मानाचे स्थान देणाऱ्या या नगरीत, मातीकामाची जन्मभराची आवड चरितार्थाला पुरेल काय, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते होकारार्थी आहे. मात्र आवडीला हिशेबाची जोड मिळाली तरच.

या जिल्ह्यातील काळी माती ज्वारीला मानवते, तशी चाकाला मानवत नाही. पाण्याने फुगणारी व वाळताना तडकणारी ती माती गाळून, तुडवून, तीत राख आणि लीद यांचा मेळ घालून वठणीवर आणावी लागते. माठही सर्वस्वी चाकावर घडत नाही. जाड अंगाचा घाट उतरवून तो किंचित सुकल्यावर, आतून दगडी गोटा धरून व बाहेरून लाकडी थापटण्याने हलके ठोकीत त्याचे पोट वाढवितात, तेव्हा कोठे त्याचे अंग पातळ होते. आव्यात भाजल्यावर उरलेल्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपणारे पाणी बाष्परूप होताना आतील उष्णता हरण करते; आणि हवा जितकी कोरडी तितकी ही क्रिया जलद, म्हणून कोकणातील दमट उन्हाळ्यापेक्षा सोलापूरच्या रखरखीत वैशाखात माठाचा गुण अधिक प्रत्ययास येतो.

बलुतेदारीच्या अमदानीत गावाला भांडी पुरविणाऱ्या कुंभाराला सुगीत धान्याचे बलुते मिळे. आज त्याची जागा रोकडीने घेतली आहे आणि ती रोकड सणावारांच्या बेताने येते. संक्रांतीला सुगडी, उन्हाळ्यात माठ व रांजण, बेंदराला मातीचे बैल, नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या. परंतु पावसाळ्यात भांडी सुकत नाहीत व उघडा आवा पेटत नाही, म्हणून उन्हाळ्याच्या कमाईवर तो काळ निभावून नेण्याची तरतूद ज्याला साधली, त्यालाच हा व्यवसाय साधला. भांडवलाची नड भागविण्यासाठी 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत कुंभारकामाचा समावेश आहे. तीत अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य, तसेच 5 टक्के व्याजाने प्रथम 1 लाख व पुढे 2 लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी सोय आहे.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. संतमंडळींची मस्तके थापटण्याने ठोकून पाहून त्यांनी नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा वारकरी भक्तिभावाने सांगतात. तिच्यातील परीक्षकाची निर्भीडता धंद्यातही मोलाची आहे, कारण कच्चे भांडे मन मोडून बाजूला सारणाऱ्याकडेच गिऱ्हाईक पुन्हा येते. त्याचबरोबर माती, जळण, फूटतूट आणि स्वतःची मजुरी हे चारही रकाने किमतीत धरणे म्हणजे लोभ नव्हे. चाकावर बसणाऱ्याने ती किंमत निःसंकोच सांगावी आणि आपण ती घासाघीस न करता द्यावी, एवढे झाले तरच कुंभाराची मुले हे कसब अभिमानाने हाती धरतील.