तलवार पडद्यावर, वजन हातात

हॅक-अँड-स्लॅश हा व्हिडिओ गेमचा एक प्रकार. खेळणाऱ्याच्या हाती तलवार, कुऱ्हाड किंवा त्रिशूळ येतो, समोरून शत्रूंच्या झुंडी चाल करून येतात आणि सपासप वार करत त्यांच्यातून वाट काढायची असते. बंदुकीच्या गेममध्ये नेम लागतो, इथे अंदाज लागतो. समोरच्याने हात उचलला की आपण वार करायचा की बाजूला सरकायचे, हे अर्ध्या सेकंदात ठरवावे लागते. हे नाव मुळात कौतुकाचे नव्हते. 1980 च्या आसपास अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ जोरात होता. त्यात कथा, संवाद, कोडी सगळे बाजूला सारून नुसती कापाकापी करणाऱ्यांच्या खेळाला हा शब्द लावला जाई. पुढे तोच टोमणा एका लोकप्रिय प्रकाराचे नाव होऊन बसला.

सेगा कंपनीचा 'गोल्डन ॲक्स' 1989 मध्ये नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर आला. आजच्या हॅक-अँड-स्लॅशची घडी मात्र 2001 च्या 'डेव्हिल मे क्राय'ने बसवली. जपानच्या कॅपकॉम कंपनीत हिदेकी कामिया यांनी तो 'रेसिडेंट ईव्हिल' या भयमालिकेचा पुढचा भाग म्हणून सुरू केला होता. बनता बनता तो मूळ मालिकेपासून इतका लांब गेला की त्याला वेगळे नाव द्यावे लागले. शत्रूला हवेत उडवायचे आणि खाली पडू न देता मारत राहायचे, ही त्यातली गाजलेली करामत 'ओनिमुशा' या दुसऱ्याच गेममधल्या एका तांत्रिक चुकीवरून सुचलेली होती. चार वर्षांनी सोनीचा 'गॉड ऑफ वॉर' आला. त्याची सुरुवातच वादळात सापडलेल्या जहाजावर, अनेक तोंडांच्या राक्षसी सापाशी झुंज देत होते. एरवी शेवटासाठी राखून ठेवायचा प्रसंग या गेमने पहिल्याच अंकात खर्च केला. पहिली छाप कशी पाडावी याचा तो वस्तुपाठ आहे.

महाराष्ट्राच्या लहान गावांत चित्र वेगळे होते. नंदुरबारचेच घ्या: हा जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. त्या काळात तालुक्याच्या गावांत गेम म्हणजे टीव्हीला जोडायचे, कॅसेट घालायचे यंत्र. जपानच्या निंटेंडो कंपनीच्या यंत्राची नक्कल असलेली ही यंत्रे महाराष्ट्रभर खपली. कॅसेटवर हजारो, कधी लाखो गेम असल्याचे छापलेले असे. आत तेच पाचसात गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भेटत. वेष्टनावरचे चित्र आणि पडद्यावरचा खेळ यांत किती अंतर असू शकते, याचे शिक्षण त्या पिढीला तिथेच मिळाले. नंतर प्लेस्टेशन 2 आणि नकली सीड्यांचा काळ आला, मग मोबाइल. कंट्रोलरला 'रिमोट' म्हणण्याची सवय मात्र अनेक घरांत अजून टिकून आहे.

मोठ्या गेमची वाट पाहणे आता काही वर्षे चालते. आधी अर्ध्या मिनिटाची झलक येते, मग ट्रेलर, मग प्रत्यक्ष खेळ दाखवणारा व्हिडिओ, मग आगाऊ नोंदणी. 'ब्लॅक मिथ: वुकाँग' या चिनी गेमचा तेरा मिनिटांचा व्हिडिओ 20 ऑगस्ट 2020 रोजी प्रसिद्ध झाला आणि गेम बाजारात आला तो बरोबर चार वर्षांनी, 20 ऑगस्ट 2024 ला. पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. चार वर्षे लोकांनी तो नुसता पाहिला होता, आणि अपेक्षा फसतात त्या बहुधा इथेच. व्हिडिओत वार दिसतो, ठिणग्या दिसतात, कोसळणारा राक्षस दिसतो. बटन दाबणे आणि वार होणे यांच्यामधला वेळ तेवढा दिसत नाही. त्या वेळेवरच तर या प्रकारच्या गेमची सारी भिस्त असते.

म्हणून ट्रेलरपेक्षा डेमो खरा. डेमो म्हणजे गेमचा छोटा, फुकट खेळता येणारा तुकडा. 'डेव्हिल मे क्राय'चा डेमो कॅपकॉमने आपल्याच 'रेसिडेंट ईव्हिल कोड: व्हेरोनिका एक्स' या गेमच्या डब्यात घालून दिला होता. लोक भयकथा घ्यायला गेले आणि घरी येऊन तलवारीच्या प्रेमात पडले. दुकानदार चवीला शेवेची चिमूट हातावर ठेवतो, तसाच हा धंदा. माल चांगला असेल तरच परवडतो.

पहिल्या लढाईत हाताला नेमके काय कळते, हे थोडे सावकाश पाहण्यासारखे आहे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला 60 वेळा बदलत असेल तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे 17 मिलिसेकंद येतात. 30 वेळा बदलत असेल तर 33. कागदावर हा फरक नगण्य, पण अंगठ्याला तो लगेच कळतो. त्यात घरातला टीव्ही स्वतःचा उशीर मिसळतो. चित्र अधिक चकचकीत करण्यासाठी तो प्रत्येक दृश्यावर काही प्रक्रिया करतो आणि तेवढ्याने तलवार मागे पडते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो तो याचसाठी. तो सुरू न करता गेमला 'लॅग मारतोय' म्हणून नावे ठेवणारे पुष्कळ असतात.

दुसरी गोष्ट वजनाची. तलवार शत्रूला लागते त्या क्षणी चांगला गेम सेकंदाचा बारीकसा अंश थबकतो. दोन-चार चित्रांपुरते सारे गोठते, कंट्रोलर थरथरतो, धातूचा किंवा हाडाचा आवाज येतो आणि मग हालचाल पुढे सरकते. खेळणाऱ्याला हे थबकणे दिसत नाही. त्याला फक्त वार 'बसला' असे वाटते. हे थबकणे काढून टाकले तर तीच तलवार हवेत फिरवल्यासारखी पोकळ लागते. लाकडात कुऱ्हाड रुतते तेव्हा हाताला जो झटका बसतो, त्याची ही नक्कल आहे.

तिसरी गोष्ट न्यायाची. शत्रू वार करण्याआधी खांदा मागे नेतो, गुरगुरतो, त्याचे शस्त्र चमकते. ही सूचना पुरेशी स्पष्ट हवी. ती असेल तर मार खाल्ल्यावर खेळणारा स्वतःला दोष देतो, नसेल तर गेमला. चुकवण्याची उडी घेताना काही क्षण कोणताही वार लागू नये, अशी सोय बहुतेक गेममध्ये केलेली असते. ही सवलत जितकी सैल तितका गेम सोपा. कॅमेरा हा चौथा आणि बदनाम भिडू: पाठीमागचा शत्रू दिसलाच नाही, तर वरची सगळी कारागिरी वाया जाते.

ही सारी कसोटी लावून पाहावा असा गेम महाराष्ट्रातच तयार झाला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. गेमची नायिका राजी ही डोंबाऱ्याच्या खेळासारख्या कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि दुर्गा व विष्णू यांच्या आशीर्वादाने ती महाबलासुराच्या मागावर निघते. दुर्गेकडून त्रिशूळ मिळतो, विष्णूकडून धनुष्य. काटेकोर बोलायचे तर हा शुद्ध हॅक-अँड-स्लॅश नव्हे. भिंती चढणे, कोडी सोडवणे, महालांतून हिंडणे यालाही त्यात बराच वेळ जातो. लढाया मात्र याच कुळातल्या आहेत.

'राजी'ची वाट पाहणे सुरू झाले 2017 मध्ये. त्या वर्षी संस्थेने किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणीचे आवाहन केले आणि खेळता येईल असा डेमोही दिला. ठरलेली रक्कम जमली नाही. तरी काम थांबले नाही आणि पुढे प्रकाशकाचे पाठबळ मिळाले. 18 ऑगस्ट 2020 रोजी निंटेंडोच्या एका कार्यक्रमात गेमची झलक दाखवली गेली आणि त्याच दिवशी तो निंटेंडो स्विचवर विक्रीला आला. 'वुकाँग'च्या त्या गाजलेल्या व्हिडिओच्या दोनच दिवस आधी. पीसी, प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन यांच्यासाठी तो 15 ऑक्टोबरला निघाला. यातली गंमत अशी की निंटेंडो तेव्हा भारतात आपली यंत्रे अधिकृतपणे विकतच नव्हती. पुण्यात घडलेला, राजस्थानी महालांत फिरणारा, देवीच्या त्रिशुळाचा हा गेम पहिले दोन महिने भारतात फक्त बाहेरून आणलेल्या स्विचवर खेळता येत होता.

पहिली छाप दोन तुकड्यांत पडली. चित्रांबद्दल जवळजवळ एकमत झाले: दगडी जाळ्या, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, भिंतीवरची चित्रे, कथा सांगण्यासाठी वापरलेल्या सावल्यांच्या बाहुल्या. ग्रीक संगीतकार लिनोस त्झेलोस यांच्या संगीताचेही कौतुक झाले. व्हिडिओ गेमच्या ज्या जगात ग्रीक देव आणि जपानी सामुराई वर्षानुवर्षे नांदत होते, त्यात हा देखावा नवा होता. लढाईपाशी आल्यावर सूर बदलला. राजी खांबाला धरून गरकन फिरते आणि भोवतीच्यांना झोडपते, भिंतीवरून धावत येऊन झेप घेते. कसरतीचा हा वापर सुरेख आहे. पण त्रिशूळ हलका लागतो, तो थबकण्याचा क्षण पुरेसा जाणवत नाही आणि लांब ठेवलेला, खेळणाऱ्याच्या ताब्यात नसलेला कॅमेरा ऐन गर्दीत साथ सोडतो. गेम पाचसहा तासांत संपतो आणि शेवट तुटल्यासारखा वाटतो, ही तक्रारही बऱ्याच समीक्षकांनी केली. तरीही त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया'ला गेला. 2022 च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले आणि लढाईच्या हालचालींवर पुन्हा हात फिरवला गेला. आपली कमजोर बाजू कोणती, हे बनवणाऱ्यांना पुरते ठाऊक होते असे यावरून दिसते.

भारतीय देवदेवतांच्या गेमवर अपेक्षेचे आणखी एक ओझे असते. 2009 मध्ये सोनीने प्लेस्टेशन 2 साठी 'हनुमान: बॉय वॉरियर' काढला. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने बनवलेला हा गेम भारतात तयार झालेला पहिला कन्सोल गेम म्हणून ओळखला जातो. देवाला कंट्रोलरच्या बटनांनी नाचवणे योग्य नाही, असा आक्षेप अमेरिकेतून घेतला गेला आणि गेमच्या बऱ्यावाइटापेक्षा त्याचीच चर्चा अधिक झाली. 'राजी'ने ही अडचण शहाणपणाने टाळली: देव बोलतात, देतात, पण लढते ती माणसाची पोर.

नंदुरबारच्या खेळणाऱ्याला या सगळ्याची पहिली ओळख होते ती बहुधा मोबाइलवरच्या व्हिडिओतून. प्लेस्टेशन 5 जगात नोव्हेंबर 2020 मध्ये आला, भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला, तेव्हाची किंमत 49,990 रुपये. त्यावर शंभर जीबीचा गेम उतरवायचा आणि हाताशी रोज दोन जीबी देणारे मोबाइलचे रिचार्ज, म्हणजे सगळा डेटा त्यालाच दिला तरी पन्नास दिवस लागणार. याच जिल्ह्यातल्या धडगावच्या डोंगरात जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथे हा हिशेबही करण्यात अर्थ नाही. म्हणून शहरातल्या मित्राच्या घरी एकदा खेळून बघणे, किंवा संगणकावर चालेल असा लहान गेम शोधणे, हे मार्ग अधिक व्यवहाराचे. 'राजी' पुढे नेटफ्लिक्सच्या सदस्यांसाठी मोबाइलवरही आला. काचेवर बोट फिरवून त्रिशूळ चालवताना ना थरथर जाणवते ना बटनाची खोली, त्यामुळे मुळातच हलका असलेला वार आणखी हलका होतो. महाल मात्र तितकेच देखणे राहतात.

ज्याला 'राजी' खेळून बघायचा आहे त्याने तो शक्यतो कंट्रोलर हातात घेऊन, टीव्हीचा गेम मोड लावून आणि सुधारित आवृत्तीतच खेळावा. पहिल्या लढाईवरून मत बनवू नये. तेव्हा हात अजून बटनेच शोधत असतो. धनुष्य हाती येईपर्यंत थांबावे. त्यानंतरही लढाई फिकी वाटली, तर ती तशी आहेच.