कुलूप आणि शिक्का

शिवकालातील राजपत्रे ज्यांनी डोळ्यांखालून घातली असतील, त्यांना पत्राच्या शेवटी उमटविलेली लहानशी मुद्रा ठाऊक असेल. तिला मोर्तब म्हणत. पत्र येथे संपले, यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, असा त्या मुद्रेचा आशय होता. पत्र उघडे असे. ज्याच्या हाती पडेल त्याला ते वाचता येई. पण त्यात भर घालून ते खरे म्हणून खपविणे अवघड होते. याउलट, सांकेतिक लिपीत लिहिलेला मजकूर परक्याला वाचता येत नाही. मात्र तो ज्याचा म्हणून आला त्याचाच आहे काय, वाटेत त्याला कोणाचा हात लागला काय, याविषयी ती लिपी काहीच सांगत नाही. लपविणे आणि खरेपणाची खूण पटविणे ही दोन निराळी कामे आहेत. एकाला कुलूप लागते, दुसऱ्याला शिक्का.

आज बँकेचे व्यवहार, रुग्णांचे अहवाल आणि घरगुती निरोप संगणकांच्या जाळ्यातून जातात. त्यांच्यासाठी ही दोन्ही कामे गणिताला करावी लागतात, आणि त्या दोहोंची गल्लत झाल्यामुळे जगभर वापरात असलेल्या व्यवस्था गेल्या काही दशकांत कोसळल्या आहेत.

कूटलेखनाने मजकूर झाकला की तो बदलताही येणार नाही, असे सकृद्दर्शनी वाटते. ते खरे नाही. संगणकात प्रत्येक मजकूर शून्य व एक या बिटांच्या ओळीत मांडलेला असतो. कूटलेखनाच्या एका प्रचलित प्रकारात गुप्त किल्लीपासून तशीच एक लांब ओळ तयार करतात आणि किल्लीच्या ओळीत जेथे एक असेल तेथे मजकुराचा बिट उलटवितात. पाहणाऱ्याला त्यातून काही अर्थबोध होत नाही. पण वाटेत बसलेल्या लबाडाने झाकलेल्या मजकुराचा एखादा बिट उलटविला, तर उघडल्यावर मूळ मजकुराचा नेमका तोच बिट उलटलेला निघतो. देवनागरी १ आणि ९ यांच्या संगणकीय संकेतांत केवळ एका बिटाचा फरक आहे. रोमन अंकांतही तेच. रकमेचा पहिला अंक १ आहे आणि तो अमुक जागी येतो, एवढे ज्याला ठाऊक असेल, तो किल्ली न मिळविता, मजकूर न वाचता, १००० रुपयांचे ९००० करू शकतो. क्लॉड शॅनन याने १९४९ साली जी पद्धत पूर्णतः अभेद्य असल्याचे सिद्ध केले, त्या एकदाच वापरावयाच्या किल्लीच्या पद्धतीलाही हा दोष चुकत नाही. तिची अभेद्यता गुप्ततेपुरती आहे.

बिनतारी जाळ्यांसाठी १९९७ साली ‘वेप’ नावाची संरक्षणपद्धती प्रमाण म्हणून आली. तिच्या रचनाकारांनी संदेशाला एक तपासणी-अंक जोडला होता. पण तो अंक काढण्यास कोणतीही गुप्त किल्ली लागत नव्हती, आणि त्याचे गणित असे होते की मजकुरातील बदलाबरोबर तो अंक कसा बदलेल, हे कोणालाही काढता येई. २००१ साली निकिता बोरिसॉव्ह, इयान गोल्डबर्ग व डेव्हिड वॅग्नर यांनी हे दाखवून दिले. तपासणी-अंक प्रवासातील अपघाती चुका पकडण्यासाठी असतो. हेतुपुरस्सर केलेल्या लबाडीपुढे तो निरुपयोगी आहे.

खरा शिक्का निराळा. पाठविणारा व घेणारा या दोघांपाशीच एक गुप्त किल्ली असते. तिच्या साहाय्याने संपूर्ण संदेशावरून एक छोटी खूण काढून ती सोबत धाडतात. घेणारा तीच आकडेमोड स्वतः करून खूण जुळते की नाही ते पाहतो. अशा शिक्क्याची ‘एचमॅक’ ही रीत मिहिर बेलारे, रान कानेटी व ह्यूगो क्रॉव्चिक यांनी १९९६ साली मांडली, आणि ती आजही विश्वासार्ह मानली जाते.

मग कुलपाची किल्लीच शिक्क्यासाठी का वापरू नये? एक किल्ली सांभाळणे दोन सांभाळण्यापेक्षा सोपे, हा युक्तिवाद व्यवहारी माणसाला पटण्यासारखा आहे. त्याचे उत्तर एका उदाहरणाने चांगले कळते. ‘सीबीसी’ नावाच्या पद्धतीत मजकुराचे समान लांबीचे खंड पाडतात. प्रत्येक खंडात आधीचा झाकलेला खंड मिसळून मग तो झाकतात. याच साखळीचा शिक्क्यासाठीही उपयोग होतो: सारा मजकूर साखळीतून काढावयाचा आणि केवळ शेवटचा खंड शिक्का म्हणून ठेवावयाचा. आता दोन्ही कामांना एकच किल्ली आणि एकच प्रारंभ दिला, तर काय होईल? शिक्का म्हणून जो खंड निघेल तो झाकलेल्या मजकुराचा शेवटचा खंडच असेल. लबाडाने अलीकडचे खंड हवे तसे बदलावेत आणि शेवटच्याला हात लावू नये. घेणारा तो बदललेला मजकूर उघडील, शिक्का पडताळण्यासाठी तो पुन्हा त्याच साखळीतून काढील, आणि साखळी अर्थातच त्याच शेवटच्या खंडाशी येऊन थांबेल. शिक्का जुळला! पहारेकऱ्याने चोरालाच त्याचे नाव विचारावे आणि तो सांगेल ते वहीत टिपून घ्यावे, तशातला हा प्रकार. कुलूप मजबूत होते, शिक्क्याची रीतही आपल्या जागी ठीक होती. त्यांचा घात एका सामाईक किल्लीने केला.

एकच किल्ली दर वेळी घातक ठरते, असे मात्र म्हणता येत नाही. ‘सीसीएम’ नावाच्या पद्धतीत दोन्ही कामे एकाच किल्लीने होतात, आणि ती सुरक्षित असल्याची गणिती सिद्धता २००२ साली प्रसिद्ध झाली. तेथे दोन्ही कामांत जाणारे खंड एकमेकांशी कधी जुळू नयेत अशी काळजी रचनेतच घेतलेली आहे. ज्याच्या हाती अशी सिद्धता नाही, त्याने किल्ल्या वेगळ्या ठेवाव्यात. त्यासाठी दोन रहस्ये सांभाळावी लागत नाहीत. एका मूळ किल्लीपासून, निराळी नावे देऊन, परस्परांशी संबंध न दाखविणाऱ्या अनेक किल्ल्या काढता येतात; क्रॉव्चिक यांनी २०१० साली सुचविलेली ‘एचकेडीएफ’ ही रीत त्याचसाठी आहे. जाणाऱ्या व येणाऱ्या संदेशांच्या किल्ल्याही भिन्न असाव्या लागतात. नाही तर मुंबईहून नागपुरास गेलेला निरोप कोणी जसाच्या तसा मुंबईस परत धाडील, आणि मुंबईकर तो नागपूरचा समजून स्वीकारील.

किल्ल्या वेगळ्या झाल्या तरी क्रमाचा प्रश्न उरतो. आधी शिक्का मारून मग सारे कुलपात ठेवावे, की आधी कुलूप लावून त्यावर शिक्का मारावा? जाळ्यावरील व्यापाराचे रक्षण करणाऱ्या ‘एसएसएल’ व तिची वारस ‘टीएलएस’ या व्यवस्थांनी पहिला मार्ग धरला. बेलारे व चनाथिप नाम्प्रेम्प्रे यांनी २००० साली दुसरा मार्गच सर्वसाधारणपणे निर्धोक ठरतो असे दाखविले. पण जगाची घडी तोवर बसून गेली होती.

तिची किंमत पुढे मोजावी लागली. खंड पुरा भरावा म्हणून मजकुराच्या शेवटी भरतीचे बाइट घालतात. कुलूप बाहेर असून शिक्का आत असला, म्हणजे घेणाऱ्याला आधी मजकूर उघडावा लागतो, भरती पाहावी लागते आणि मग शिक्का तपासावा लागतो. २००२ साली सर्ज व्होदने यांनी दाखविले की, ‘भरती चुकली’ एवढेच जरी घेणाऱ्याने कळू दिले, तरी लबाड बनावट संदेश धाडीत धाडीत, एकेका बाइटासाठी फार तर २५६ प्रश्न विचारून, सारा मजकूर वाचू शकतो. त्यावर चुकीचे कारण न सांगण्याचा उपाय योजला गेला. तरी उत्तरास लागणाऱ्या वेळातील सूक्ष्म फरक उरलाच, आणि २०१३ साली लंडनच्या रॉयल हॉलोवेमधील नधेम अल्फर्दान व केनेथ पॅटरसन यांनी तेवढ्यावरून टीएलएसला खिंडार पाडले. शिक्क्याच्या हिशेबात धरल्या जाणाऱ्या १३ बाइटांमुळे हा हल्ला साधला, म्हणून त्याला त्यांनी ‘लकी थर्टीन’ असे नाव दिले. तेराचा आकडा लाभला तो अर्थात हल्लेखोराला. शिक्का बाहेर असता, तर बनावट पाकीट न उघडताच केराच्या टोपलीत गेले असते.

२०१८ च्या टीएलएस आवृत्तीत हे जुने मार्ग बंद झाले. तेथे कुलूप व शिक्का एकत्र सांधलेल्या पद्धतीच चालतात. त्यांपैकी ‘जीसीएम’ विशेष रूढ आहे. वापरणाऱ्याने एकच किल्ली द्यावयाची. तिच्यापासून शिक्क्याचे निराळे गुपित ती स्वतःच काढून घेते. पत्ता उघडा ठेवूनही तो शिक्क्याच्या कक्षेत घेण्याची सोय तीत आहे. तिची अट एकच, पण कडक: प्रत्येक संदेशाबरोबर जो ‘नॉन्स’ नावाचा अंक द्यावयाचा, तो त्या किल्लीखाली पुन्हा कधीही येता कामा नये. तो दोनदा आला तर दोन्ही मजकुरांतील फरक उघडा पडतोच. शिवाय शिक्क्याचे गुपितही हाती लागण्याचा मार्ग मोकळा होतो, हे आन्त्वान जू यांनी २००६ साली दाखविले होते. तरीही २०१६ मध्ये संशोधकांना १८४ सर्व्हर सापडले, जे नॉन्स पुन्हा पुन्हा वापरीत होते. अशा हातून होणाऱ्या चुका गृहीत धरून २०१५ साली ‘जीसीएम-एसआयव्ही’ ही रीत प्रसिद्ध झाली. तीत नॉन्स चुकून दोनदा आला, तर पाहणाऱ्याला एवढेच कळते की तोच निरोप पुन्हा धाडला गेला किंवा नाही.